रोज सकाळी काट्यावर गाड्या लागल्या की ५०२ येतो

कापूस_पावती (घाटंजी तालुका, यवतमाळ)

नमस्कार. आमच्या गावात शेतकरी उत्पादक कंपनीचं कापूस संकलन केंद्र आहे. मागच्या हंगामापर्यंत पावत्या कार्बनच्या वहीत लिहायचे. यंदा दसऱ्यापासून त्या मी बनवलेल्या वेब ॲप्लिकेशनवर निघतात. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा आणि भाव टाकायचा, बटण दाबायचं, पीडीएफ पावती तयार होते आणि ती छापून कास्तकाराच्या हातात द्यायची.

सर्व्हर क्लाउडवर, मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये. उबंटू २२.०४, एक कोर, १ जीबी रॅम. समोर एनजिनएक्स (ब्राउझरची मागणी घेऊन मागे देणारा वेब सर्व्हर), मागे गनिकॉर्नचे तीन वर्कर (त्या मागण्या हाताळणाऱ्या तीन प्रोसेस), त्यावर जँगोत लिहिलेलं ॲप्लिकेशन. पोस्टग्रेस हा डेटाबेसही त्याच मशीनवर.

दुपारी, रात्री, रविवारी काही होत नाही. सकाळी अकराच्या सुमारास रांगेत वीस-पंचवीस गाड्या असल्या की पान अर्धा मिनिट नुसतं फिरत राहतं आणि मग ‘५०२ बॅड गेटवे’. एकदा तो आला की त्यानंतर कोणालाच काही उघडत नाही. मी फोनवरून सर्व्हरमध्ये शिरून सर्व्हिस रीस्टार्ट करते, तेव्हा गाडी रुळावर येते.

काल मी बाबांसोबत वावरात होते, वेचणीच्या बायांचं वजन चालू होतं, फोनला रेंज नव्हती. पाऊण तास सगळ्या गाड्या उभ्या. एका आजोबांनी बैल सोडून लिंबाखाली बांधले. संध्याकाळी भेटले तर एवढंच म्हणाले, “वहीच बरी होती माय.” रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

केंद्रावर सगळे म्हणतात नेट जात असेल. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, मी अकराच्या आसपासच्या ओळी वाचल्या, एकही एरर नाही. ‘फ्री’ कमांड २५० एमबी रॅम शिल्लक दाखवते. आता कुठे पाहू?

टर्मिनल_नागपूर

आधी नेटचं. ५०२ दिसतो म्हणजे नेट शाबूत आहे. नेट गेलं असतं तर ‘साइट उघडत नाही’ असं ब्राउझरनेच सांगितलं असतं. ५०२ चं पान तुमच्या एनजिनएक्सने मुंबईहून पाठवलेलं आहे. तो म्हणतो, मी जागा आहे, पण मागून मला धड उत्तर मिळालं नाही. मागचा नुसताच वेळ लावत असता तर ५०४ दिसला असता.

लॉगबद्दल. वेळ कुठली आहे ते पाहिलंत का? क्लाउडवरचे सर्व्हर बहुतेक यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतात आणि आपण साडेपाच तास पुढे. तुमचे सकाळचे ११:१० म्हणजे लॉगमधले ०५:४०. लॉगमध्ये अकराला शोधलंत म्हणजे तुम्ही आपल्या दुपारच्या साडेचारच्या ओळी वाचल्या. तिथे एरर सापडणार नाहीच.

आणि रॅम रीस्टार्टनंतर पाहू नका. तेव्हा सगळं नुकतंच सुरू झालेलं असतं, मोकळी जागा दिसणारच. पुढच्या वेळी बंद पडलं की रीस्टार्ट करायच्या आधी दोन मिनिटं काढा. सर्व्हिसचं स्टेटस, एनजिनएक्सचा एरर लॉग आणि कर्नलचा लॉग, तिन्ही उतरवून घ्या. पीडीएफ कशाने बनवता तेही सांगा. माझा संशय तिथेच आहे.

कापूस_पावती

यूटीसीचं लक्षातच आलं नव्हतं. आज ११:२० ला परत बंद पडलं. गाड्या उभ्या होत्या तरी दोन मिनिटं थांबून सगळं उतरवून घेतलं.

एनजिनएक्सच्या लॉगमध्ये ०५:५० पासून ओळीने ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. कर्नलच्या लॉगमध्ये त्याच मिनिटाला ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ आणि पुढे नाव क्रोम. सर्व्हिसचं स्टेटस ‘फेल्ड’, कारण ‘ओओएम-किल’.

पीडीएफ हेडलेस क्रोमियमने बनते, म्हणजे खिडकी न दाखवता चालणाऱ्या क्रोम ब्राउझरने. त्याचं कारण सांगते. आधी पायथॉनमधलं रिपोर्टलॅब वापरून पाहिलं होतं, हलकं होतं, पण मराठीचा पार चेंदामेंदा. ‘दिग्रस’ मधली वेलांटी द ला सोडून ग ला चिकटायची, ‘आर्णी’ चा रफार चढायचाच नाही, र चा पाय मोडलेला दिसायचा. गावांचं असं, तर माणसांच्या नावांचं काय होत असेल बघा. वर्षभर राबून आणलेल्या कापसाच्या पावतीवर कास्तकाराचं नाव मोडकं छापणं मला पटेना. क्रोमियममध्ये अक्षरं जिथल्या तिथे येतात.

टर्मिनल_नागपूर

मग सापडलं. अक्षरांसाठी क्रोमियम घेतलंत ते बरोबरच होतं, पण प्रत्येक पावतीला तो नव्याने उघडतो आणि सहज दोन-तीनशे एमबी खातो. तुमचे वर्कर तीन. दोन-तीन जणांनी लागोपाठ बटण दाबलं की तीन क्रोम एकदम उघडतात. त्यात पोस्टग्रेस, जँगो आणि १ जीबीची रॅम. स्वॅपही (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) नसणार. ते अर्धा मिनिट फिरणं म्हणजे मशीनची जागेसाठी चाललेली तडफड. शेवटी कर्नल एक मोठी प्रोसेस मारून बाकीच्यांना वाचवतो.

तरी मग सगळंच का बंद पडतं? क्रोम तुमच्या गनिकॉर्नच्या सर्व्हिसच्या पोटात चालतो. तिथली एक प्रोसेस मेमरीपायी मारली गेली की सिस्टीमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम), वेगळं काही सांगितलं नसेल तर, पूर्ण सर्व्हिस थांबवतो. आपोआप उठवायची ओळ तुमच्या सर्व्हिस फाइलमध्ये नसणार, म्हणून तुम्हाला वावरातून हात लावावा लागतो.

आजच्या आज २ जीबीची स्वॅप फाइल करा, एफस्टॅब या फाइलमध्ये तिची नोंद घाला म्हणजे रीबूटनंतरही राहील. सर्व्हिस फाइलमध्ये ‘रीस्टार्ट’ला ‘ऑलवेज’ लिहा. त्याने उद्याची सकाळ निभेल, पण स्वॅप म्हणजे डिस्क, पावती हळूच निघेल.

खरा उपाय मात्र वेगळा. पावती तुम्ही लगेच छापताच, मग सर्व्हरने पीडीएफ बनवायची गरजच काय? सर्व्हरने साधं एचटीएमएल पान द्यावं, छपाईच्या मांडणीसाठी सीएसएस लिहावी आणि केंद्रावरच्या संगणकाच्या ब्राउझरनेच प्रिंट काढावी. जोडाक्षरं नीट जुळवणारा ब्राउझर तिथे आहेच, आणि विंडोजमध्ये मंगल किंवा निर्मला यूआय फॉन्टही.

दूधडेअरी_अकोट

ताई, सगळं बराबर सांगतलं त्यायनं, पण एक गोष्ट राह्यली. मी आमच्या गावच्या दूध संकलनाचं असंच सॉफ्टवेअर सांभाळतो, म्हनून सांगून राह्यलो.

५०२ आला तवा तुमच्या ऑपरेटरनं काय केलं असन? रीस्टार्ट झाल्यावर परत बटन दाबलं असन. आता तुमचा कोड पाहा. आधी डेटाबेसात नोंद होते अन् मंग पीडीएफ बनते, असं असन तर पह्यल्या खेपेची नोंद झाली, मेला तो पीडीएफ बनवतानी. दुसऱ्या खेपेले अजून एक नोंद. गाडी एक, कापूस एक, नोंदी दोन. कास्तकाराच्या हातात कागद एकच, म्हनून कोनाच्या ध्यानात येत नाई.

आमच्या इथं एका मानसाच्या खात्यात दोनदा पैसे गेले. त्याची काई चूक नोती. परत मागाले गेलो तं त्याले चोर ठरवल्यावानी झालं. दोन वर्सं झाले, तो अजून माह्याशी बोलत नाई.

फॉर्म उघडताच त्यात एक यूयूआयडी (परत कधी न येनारा नंबर) टाका, डेटाबेसात त्या रकान्यावर युनिक लावा, म्हंजे तोच नंबर दुसऱ्यांदा घेनार नाई. कितीक खेपा बटन दाबलं तरी नोंद एकच राहीन, दुसऱ्या खेपेले तीच जुनी पावती दाखवा. अन् जुन्या नोंदी आजच तपासा, पैसे वाटाच्या आधी.

कापूस_पावती

दादा, तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. कोड तसाच आहे, आधी नोंद, मग पीडीएफ. रात्रीच क्वेरी लावली. तीच गाडी, तेच भरलं आणि रिकामं वजन, तासाभराच्या आत. सात जोड्या निघाल्या. त्यात एक बैलगाडी त्या लिंबाखालच्या आजोबांची.

आमच्याकडे पैसे शुक्रवारी जातात, म्हणून वाचलो. सकाळी मापाऱ्याचं टोकन रजिस्टर घेऊन सातही नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या. जास्तीच्या नोंदी पुसल्या नाहीत, ‘रद्द’ असा शेरा मारून कारण लिहिलं, मापाऱ्याची आणि माझी सही असलेला कागद फाइलला लावला. ज्यांच्या त्या नोंदी होत्या त्या सातही जणांना फोन करून काय झालं ते सांगितलं, उद्या कोणी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको.

स्वॅप केली, रीस्टार्टची ओळ घातली, यूयूआयडी घातला. पावतीच्या कोडमधून क्रोमियम काढून टाकलं. छपाईचं पान जमवायला दोन रात्री गेल्या, समास सारखे हलत होते. आज ३१ गाड्या झाल्या, पावती दोन सेकंदांत निघते आणि ऐन रांगेत मेमरी अर्ध्याच्या वर गेली नाही. ‘दिग्रस’ नीट, ‘आर्णी’ नीट.

आता पुढचं. काही जणांना पावती व्हॉट्सॲपवर हवी आहे, पोरगा पुण्याला असतो, त्याला पाठवायची असते. त्याला पीडीएफ लागेलच ना?

टर्मिनल_नागपूर

लागेल, पण ती काट्यासमोर बनायची गरज नाही. ‘पाठवायच्या पावत्या’ असा एक तक्ता ठेवा आणि रात्री नऊला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय) एकच स्क्रिप्ट चालवा. एक क्रोम उघडेल, एकामागून एक सगळ्या पावत्या करेल आणि बंद होईल. ती गनिकॉर्नच्या सर्व्हिसच्या बाहेर चालू द्या. आणि सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट आहे ना तेवढं बघून घ्या, नसला तर नावाच्या जागी नुसते चौकोन छापले जातात.

कापूस_पावती

फॉन्ट आहे, नोटो. क्रॉन १५:३० ला लावते, यूटीसी.