‘फॉल्स नाइन’ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडकर: बालेवाडीला फुटबॉल शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपण करतेय. राष्ट्रीय संघ मैदानात कसा मांडतात, कोणाचं काम काय, एवढंच. गोलरक्षक, बचावपटू, आघाडीपटू इथवर ठीक चाललं होतं. २०१२ च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्पेनने फाब्रेगासला ‘फॉल्स नाइन’ म्हणून खेळवलं आणि इटलीला ४-० हरवलं, तिथे अडले. ‘खोटा नऊ’ लिहिलं तर मुलं हसतील. शिवाय फॉर्मेशनला व्यूहरचना म्हणायचं का?

खडकीकर: नुसतं ‘रचना’ पुरे. व्यूहरचनेत सगळंच आलं, कोणाला बसवायचं इथपासून. ‘डावपेच’ हा तालमीतला शब्द, तो समोरच्यावर करायच्या उपायासाठी राखून ठेवा. ४-३-३ ही रचना. समोरचा बॅक सारखा वर चढतोय, मग त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत लांब बॉल टाकायचा, हा डाव. आणि आकडे मागून पुढे, म्हणजे बचावापासून आघाडीकडे, वाचायचे, गोलकीपर धरायचा नाही, हेही लिहा. बेरीज दहाच कशी, असं पोरं हमखास विचारतात.

शब्दखोर: मिडफिल्डरला पेपरवाले ‘मध्यरक्षक’ लिहितात ते मला खटकतं. एक तर तो शब्द कबड्डीतही आहे. दुसरं, क्रोएशियाचा मॉड्रिच कसलं रक्षण करतो? बॉल मागून घेऊन खेळ पुढे नेतो. ‘मधल्या फळीतला’ म्हणा.

खडकीकर: आमच्याकडे ग्राउंडवर अजून ‘हाफ’च म्हणतात. त्यातही गंमत आहे. जुन्या २-३-५ रचनेत दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. मधला हाफ पाच नंबरचा. १९२५ मध्ये ऑफसाइडचा, म्हणजे फॉरवर्डने समोरच्या बचावाच्या किती पुढे असावं याचा, नियम बदलला, फॉरवर्डना मोकळीक मिळाली, म्हणून इंग्लंडमध्ये त्या मधल्या हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मध्ये उभं केलं. माणूस बचावात गेला, नाव ‘सेंटर हाफ’च राहिलं. अर्जेंटिनात मात्र ‘पाच नंबर’ म्हटलं की आजही मधल्या फळीतलाच डोळ्यांसमोर येतो. तेव्हा टिपणात नुसता नंबर देऊ नका, काम लिहा. या मधल्या बचावपटूला आपल्याकडे ‘स्टॉपर’ म्हणतात, त्या शब्दाला हात लावू नका, तो मुलांना कळतो.

कोथरूडकर: आणि नऊ?

शब्दखोर: नऊ म्हणजे सेंटर फॉरवर्ड, गोलसमोर ठाण मांडणारा. हा ‘फॉल्स’वाला सुरुवात तिथून करतो आणि खाली मधल्या फळीत उतरतो. २५ नोव्हेंबर १९५३, वेम्बली: हंगेरीचा हिदेगकुटी नऊ नंबर घालून असाच खाली उतरत राहिला. इंग्लंडच्या मधल्या बचावपटूला, जॉन्स्टनला, कळेना, त्याच्या मागे जावं की जागा धरावी. मागे गेला तर गोलसमोर खिंडार, थांबला तर हिदेगकुटी मोकळा. हंगेरी ६-३, त्याचे स्वतःचे तीन गोल. म्हणून खोटा नव्हे, ‘फसवा नऊ’. फसवणूक समोरच्या बचावपटूची होते.

पेठेतला: मग आपला जर्नेलसिंगही फसवाच की! १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये स्टॉपर असून फॉरवर्ड खेळला.

शब्दखोर: नाही हो. डोक्याला जखम होती म्हणून प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढे घातलं, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोलही मारला. आणखी एक गोल पी. के. बॅनर्जींचा, आपण २-१ जिंकलो. तो पुढे गेला आणि पुढेच राहिला, म्हणजे तो खरा नऊ. नेहमीची जागा सुटली म्हणून कोणी फसवा होत नाही. नऊच्या जागेवरून निघून नऊचं काम न करणं, ही फसवणूक.

कोथरूडकर: छान. मग असं लिहिते: ‘फसवा नऊ: आघाडीच्या मधोमध सुरुवात करून मुद्दाम खाली येणारा खेळाडू. त्याच्यामागे बचावपटू आला, की मोकळ्या झालेल्या जागेत बाजूचे आघाडीपटू घुसतात.’ ‘नऊ नंबर’ की ‘नऊ क्रमांक’?

खडकीकर: नंबर. क्रमांक बक्षीस समारंभात येतो.

पेठेतला: आणि ‘खाली येणारा’ नको. मुलं म्हणतील, खाली म्हणजे कुठे? ‘आपल्या गोलच्या दिशेने मागे येणारा’ करा.