कॅलगरीहून एका दिवसात हिमनदी पाहून परतता येईल का?

निवृत्त_पुणेकर
आम्ही दोघे सध्या कॅनडात, कॅलगरीला मुलीकडे आलो आहोत. जुलैच्या मध्यावर एक दिवस आम्हा दोघांनाच मोकळा मिळणार असून, त्या दिवशी आइसफील्ड्स पार्कवे या डोंगरातल्या महामार्गाने कोलंबिया हिमक्षेत्रापर्यंत जाऊन अथाबास्का हिमनदी पाहावी आणि रात्री परतावे, असा विचार आहे. गाडी मी चालवणार आहे. सौभाग्यवतींचे गुडघे मात्र चढावर कुरकुरतात. लेक लुईझ आणि मोरेन लेक ही सरोवरे त्याच दिवशी उरकता येतील का?

बो_काठचा
हिमनदी नक्की होईल, फक्त ‘उरकणे’ सोडून द्यावे. अंतर एका बाजूने सुमारे ३१० किलोमीटर, म्हणजे न थांबता साडेतीन तास आहे. मोरेन लेकला २०२३ पासून खाजगी गाड्यांना प्रवेश नाही, आणि बसच्या वेळा सांभाळण्यात अर्धा दिवस जाईल. त्यामुळे दोन्ही ठिकाणे दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत.

सकाळी सहाला निघून थेट हिमनदी गाठावी आणि बाकीचे थांबे परतीला घ्यावेत, कारण सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि ऊन वर आल्यावरच पीटो सरोवराचा निळा-हिरवा रंग खुलतो. हिमनदी सरकताना खालचा खडक दळत जाते. ते पिठासारखे बारीक कण वितळलेल्या पाण्यात तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात, म्हणून हा रंग दिसतो. ते सरोवर जेथून पाहतात त्या सज्ज्यापर्यंत थोडा चढ आहे. बो सरोवर मात्र रस्त्याला लागूनच आहे, त्यामुळे वहिनींना गाडीतून उतरताच ते पाहता येईल. कॅलगरीत आपण ज्या बो नदीकाठी फिरत असाल, ती याच सरोवरातून निघते.

एडमंटनकर
वरील बेत योग्य आहे. लेक लुईझला टाकी पूर्ण भरून घ्यावी, कारण पुढे हिमनदीपर्यंत सस्कॅचेवान क्रॉसिंगला एकच पंप आहे आणि तेथील दर खिशाला जड जातात. वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाइल चालत नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवावा. हा रस्ता ज्यांतून जातो त्या बॅन्फ आणि जॅस्पर या दोन्ही राष्ट्रीय उद्यानांना एकच प्रवेशपास चालतो.

हिमनदीच्या तोंडाकडे जाणारी पायवाट लहान असली, तरी खडीची आणि चढाची आहे. बर्फ पूर्वी कोणत्या साली कुठवर होता, ते सांगणारे फलक तेथे लावले आहेत. गेल्या सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे, आणि एका फलकापासून दुसऱ्याकडे चालताना जे कळते ते मोठ्या चाकांच्या बसमध्ये बसून कळत नाही, असे माझे मत आहे. परंतु वहिनींना प्रत्यक्ष बर्फावर पाय ठेवायचा असेल, तर ती बसच बरी. दोरी ओलांडून स्वतःहून बर्फावर जाऊ नये. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात आणि त्यांत पडून माणसे दगावलेली आहेत. बर्फावरून येणारा वारा भर जुलैतही बोचतो, म्हणून जाड जाकिटे आणि कानटोप्या घ्याव्यात.

निवृत्त_पुणेकर
दोघांचेही आभार. मोरेन लेक यादीतून काढला आहे. सौ. बसने बर्फावर जाणार आणि मी तेवढ्या वेळात फलक वाचत चालणार, असे ठरले आहे. कानटोप्या मात्र पुण्यातच राहिल्या, त्या आज विकत घेतो.