बाबांचं .३२ रिव्हॉल्व्हर कॅनडाला नेता येईल का? बॅरल कुठून कुठपर्यंत मोजायचं?

चाटीगल्लीकर
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. बाबांचं कानपूरच्या सरकारी फॅक्टरीतलं .३२ रिव्हॉल्व्हर. आमचा सोलापूरला चादरींचा धंदा, पेमेंट घेऊन रात्री-अपरात्री यायचे, म्हणून लायसन्स काढलेलं. आयुष्यात कुणावर रोखलं नाही. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायचं, निकाल लागला की आणायचं, आणि दसऱ्याला पाटावर मांडून झेंडू वाहायचा, एवढाच त्याचा उद्योग. लायसन्स महाराष्ट्रापुरतं, त्यामुळे विजापूरला वसुलीला जाताना ते कपाटातच. भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक! म्हणजे खरी रोकड ज्या रस्त्याने यायची, त्याच रस्त्यावर हे घरी. आई यावरून त्यांना शेवटपर्यंत चिडवायची.

बाबा मागच्या वर्षी गेले. हत्यार परवानाधारक दुकानात जमा आहे. थोरला भाऊ बरीच वर्षं कॅलगरीत. म्हणतो, वाटणीत मला दुसरं काही नको, तेवढं दे. शिकारीच्या बंदुकीचं तिकडचं लायसन्स त्याच्याकडे आहे. कॅनडात १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड बॅरलची हँडगन चालत नाही, हेही त्यानेच सांगितलं. म्हणाला, मोजून कळव. दुकानात गेलो. खिशात चादरी मोजायची टेप असतेच. नळीच्या तोंडापासून गोळ्यांचं चक्र संपतं तिथपर्यंत ११० भरलं. पाच मिलिमीटरने पास की वो!

तो नोव्हेंबरात येतोय, लंडनमार्गे परत जाईल. एअरलाइनला काय सांगायचं, कागद कुठले लागतील, जाणकारांनी सांगावं.

(आणखी एक डोकेदुखी: वहीत काडतुसं ११, डबीत निघाली १०. दुकानदाराने दोनदा विचारलं. मला काय माहीत?)

एडमंटनकर
दादा, टेप चुकीच्या जागी संपली. कॅनडाच्या कायद्यात रिव्हॉल्व्हरचं बॅरल तोंडापासून सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांच्या चक्राच्या, अलीकडच्या कडेपर्यंतच धरतात. सिलिंडर त्यात येत नाही. पिस्तुलात मात्र चेंबर (काडतूस बसतं ती जागा) धरून मोजतात, तिथे तुमची पद्धत चालली असती. कानपूरच्या .३२ ला तीन इंची नळी असते, म्हणजे ७६ मिलिमीटर.

आणि नळी हातभर असती तरी उपयोग नव्हता. स्पर्धेची ठरावीक मॉडेल्स सोडली तर .२५ आणि .३२ कॅलिबरची हँडगन इथे मुळातच प्रतिबंधित वर्गात आहे. त्यावर २१ ऑक्टोबर २०२२ पासून हँडगनची खरेदी-विक्री आणि हस्तांतर गोठवलंय. भावाचं शिकारीचं लायसन्स रायफल-शॉटगनपुरतं. हँडगनला ते कधीच पुरलं नसतं.

१९४६ पूर्वीची हँडगन वारसाने ठेवायची एक पळवाट लोक सांगतात. ती इथेच आधीपासून नोंदलेल्या हत्यारांसाठी आहे, सोलापूरच्या कपाटातल्या नव्हे.

चाटीगल्लीकर
आज परत जाऊन मोजलं. ७६. दुकानदार हसला नाही, पण चहा मागवला.

मग एक समजावून सांगा. आमच्याकडे लायसन्स काढताना बॅरल किती लांब, हे कुणी विचारलं नव्हतं. सगळा कटकटीचा भाग बोअरचा, म्हणजे नळी आतून किती रुंद याचा. तिकडे नळीवर एवढा डोळा का?

एडमंटनकर
आखूड नळीचं हत्यार कोटाखाली दिसत नाही, म्हणून. जर्मनीतही तीन इंचांहून आखूड बॅरलची हँडगन नेमबाजीच्या खेळाला चालत नाही.

नेमबाजाची आई
आमच्याकडे उलटी गंमत आहे. माझी मुलगी २५ मीटर पिस्तूल खेळते, तिथे बॅरल १५३ मिलिमीटरहून *लांब* चालत नाही. शिवाय अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० च्या खोक्यात बसावं लागतं. स्पर्धेआधी पंच खोक्यात घालून बघतात, दरवेळी माझाच श्वास अडकतो.

लंडन वाचून मात्र दचकले. १९९६ साली स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत गोळीबार झाला आणि १९९७ मध्ये ब्रिटनने हँडगनवर बंदी आणली. नळी ३० सेंटिमीटरहून आखूड किंवा एकूण लांबी ६० हून कमी असली की ते हत्यार बंदीत. त्यातून जवळपास सगळीच पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं गेली. वाटेतल्या देशाचा कायदाही बघावा लागतो हो. आम्ही तिची नुसती एअर पिस्तूल नेताना तिकीट काढायच्या आधी मेल करतो. हवेचा सिलिंडर रिकामा करून त्याचं तोंड उघडं दिसेल असा ठेवायचा, पेटी कुलूपबंद, काउंटरवर आपणहून सांगायचं.

निवृत्त हेडक्लार्क
आयुष्य लायसन्सच्या टेबलावर गेलं, म्हणून लिहितो. सगळे कॅनडाचं बोलताय, पण मुळात हत्यार आज तुमचं तरी कुठे आहे? वडिलांबरोबर लायसन्स संपलं. वेळेत जमा केलंत ते चांगलं केलंत. २०१६ च्या नियमांत वारसाला लायसन्स मागता येतं, बाकीच्या वारसांचं ना-हरकत लागतं. शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे, तालुक्यात असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. घ्यायचं नसेल तर परवानाधारकाला विका किंवा सरकारजमा करा. देशाबाहेर न्यायला १९५९ च्या कायद्याच्या कलम १० खाली वेगळं लायसन्स लागतं, आणि पलीकडचा देश घेतच नसेल तर ते मागून करणार काय?

भावाला लायसन्सचं जुनं पुस्तक, फोटो, चामड्याचं होल्स्टर द्या. फक्त होल्स्टरचे कप्पे नीट तपासा. बॅगेच्या तळाशी विसरलेलं एक काडतूस विमानतळाच्या मशीनमध्ये दिसलं म्हणून भल्या माणसांवर गुन्हे दाखल झालेत.

चाटीगल्लीकर
काका, तुमचं वाचून उठलो आणि कपाट उघडलं. होल्स्टरच्या पट्ट्याला सहा खाचा आहेत, पाच रिकाम्या. सहाव्यात चामडं फुगून बसलेलं. चिमट्याने ओढलं तर काडतूस, पितळ हिरवं पडलेलं. अकरावं.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, हात लावू नका, आधी ठाण्याला कळवू, सकाळी मीच येतो बरोबर. भावालाही सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "होल्स्टरला अजून तो बाबांच्या तंबाखूचा वास येतो का रे?" येतो.