मदत हवी आहे: सीना चांगला रेसलर होता हे पटवायला सामने सुचवा (शनिवारच्या आत!!)

चिडका_बिब्बा
शनिवारी एका वादविवादात डब्ल्यूडब्ल्यूईच्या जॉन सीनाची बाजू मांडायची आहे. समोरचे म्हणणार "पाच मूव्हज सोडून येतं काय त्याला". १७ वेळा वर्ल्ड चॅम्पियन म्हटलं की म्हणतात ते तर लिहून दिलेलं असतं. मग दाखवू काय? तीन-चार सामने सांगा, बस. "हे सगळं खोटं असतं" सांगायला येणाऱ्यांनी कृपया वळसा घालून जावे.

टर्नबकल
वेळ किती आहे? व्हिडिओ दाखवता येणार का? आणि चांगला म्हणजे कशात? रिंगमधलं काम, माईकवरचं बोलणं, की तिकिटं खपवणं? तिन्हीचे पुरावे वेगळे.

चिडका_बिब्बा
चांगला म्हणजे चांगला! टीव्ही आहे. सामने सांगा ना.

रिमोट_कुणाकडे
भारतात १ एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवर आहे. टेन स्पोर्ट्स, सोनी वगैरे शोधत बसू नका.

चिडका_बिब्बा
कुठे बघायचं हे कोणी विचारलं?

मातीतला_गडी
खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्य आणलं ते कुणाला पाठ नाही, आणि ह्या चड्डीवाल्यासाठी वादविवाद. आमच्याकडे पाठ टेकली की विषय संपला, तीन मोजायला पट्टेवाला पंच लागत नाही. बाकी तो ज्याला एए म्हणतात ना, खांद्यावर आडवा घेऊन फेकणं, ती पकड आपल्या कलाजंगच्या जवळची. फरक एवढाच की कलाजंगमध्ये समोरचा उचलून देत नाही.

टर्नबकल
गडीभाऊ, दिवे घ्या, पण उचलून दिलं तरी वजन तेवढंच राहतं. १४ मार्च २००४, रेसलमेनिया २०, मॅडिसन स्क्वेअर गार्डन: बिग शो खांद्यावर. त्याचं जाहीर वजन सव्वादोनशे किलोच्या घरातलं. २००९ ला ह्यूस्टनमध्ये तर बिग शो आणि वर लटकलेला एज, दोघे एकदम. उडी मारून थोडी मदत करता येते, पण खांद्यावर आल्यावर तोल फक्त खालच्याचा. गुडघा जरा आत वळला तर दोघंही जायबंदी.

धागाकर्ते, समोरचे नक्की कोण ते अजून सांगितलं नाहीत.

चिडका_बिब्बा
ब्रेट हार्टचे, म्हणजे त्या जुन्या तंत्रवाल्या रेसलरचे, भक्त. दोघं आहेत. मला दहा मिनिटं मिळणार. झालं समाधान?

रिंगसाईड_प्राजू
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. ब्रेटवाल्यांना ताकद दाखवून उपयोग नाही. ते बघणार फटका खरा वाटतो का, आणि ज्या अवयवावर मारलं तो शेवटपर्यंत दुखतो का. तेव्हा:

रॉयल रंबल २००७, उमागाविरुद्धचा लास्ट मॅन स्टँडिंग (दहा मोजेपर्यंत जो उठत नाही तो हरला). सीना बरगड्यांना पट्टी बांधूनच येतो. त्यानंतर फक्त त्या बरगड्या बघा. उचलताना हात आपोआप कुशीकडे जातो, दहाच्या आत उठताना आधी दोरी धरतो. शेवटी उमागासाठी सोडवलेली वरची दोरी सीनाच्याच हाती येते आणि त्या दोरीनेच तो एसटीएफ (पाय अडकवून मान मागे खेचायची त्याची पकड) आवळतो. सीनाची पकड ढिली असते हा आरोप इथे लागू होत नाही, कारण दोरी गळ्याला लागलेली स्पष्ट दिसते.

दुसरा: शॉन मायकल्स, लंडन, २३ एप्रिल २००७ चं रॉ (सोमवारचा टीव्ही कार्यक्रम). (त्याच दिवशी सीनाला तीस पूर्ण झाली.) तासाला थोडाच कमी सामना, आणि तो हरतो. सबंध दाखवू नका. पहिली पाच मिनिटं नुसती मनगटाची आणि डोक्याची पकड चालते, तीच दाखवा. पाचच मूव्हज येणाऱ्याला एवढा वेळ भरता येत नाही.

शार्पशूटर९७
समोरच्या बाजूने मी बोलतो, म्हणजे शनिवारी फजिती नको. मायकल्सने तो सामना ओढला. मायकल्स केरसुणीबरोबरही चांगला सामना करेल.

आणि एसटीएफ. नियमाप्रमाणे समोरचा पालथा. त्याचा पाय गुडघ्यात दुमडून घोटा आपल्या मांड्यांत अडकवायचा, मग पाठीवर पूर्ण वजन टाकून हाताचं हाड त्याच्या गालावर आडवं लावायचं आणि मान मागे खेचायची. जपानच्या मासाहिरो चोनोचं बघा, गाल चेपलेला दिसतो. सीनाचे हात हनुवटीच्या पुढे हवेत. मधून हात घालून कोणी चहा देऊ शकेल. पाठीची कमान होत नाही, मान मागे जात नाही. वर मूव्ह पुटपुटताना कॅमेऱ्यात सापडतो. हे तंत्र?

टर्नबकल
पकड ढिली, मान्य. पण थोडं कारण असं की समोरच्याचा चेहरा कॅमेऱ्याला दिसायला हवा, नाहीतर सुटतोय की हार मानतोय हे शेवटच्या रांगेला कळणार कसं?

शार्पशूटर९७
चोनोचा समोरचाही दिसतो की. जपानात कॅमेरे नव्हते का?

टर्नबकल
बरं, तो मुद्दा तुमचा. धागाकर्ते, एसटीएफची बाजू घेऊ नका, आधीच सोडून द्या. नेक्सस ही नव्या पोरांची टोळी, तीही सोडा. समरस्लॅम २०१०: उघड्या फरशीवर डीडीटी (डोकं खाली आपटणं) खाऊन हा पठ्ठ्या थोड्याच वेळात उठतो आणि टोळीतल्या गॅब्रिएल-बॅरेट दोघांनाही हरवतो. नव्या टोळीची सगळी हवा एका रात्रीत गेली. ह्याचं समर्थन करायला गेलात तर दहापैकी सहा मिनिटं तिथेच जातील.

खलीपंथी
कोणी खलीचं नाव घेत नाही! २००७ चा वन नाईट स्टँड, सीनाने खलीला क्रेनवरून खाली फेकला. आपला माणूस होता म्हणून विसरलात?

रिंगसाईड_प्राजू
विसरलो नाही, उलट ह्या धाग्यातला तो चांगला मुद्दा आहे. खलीला वाकणं, धावणं, पटकन उठणं तिन्ही जमत नव्हतं. अशा माणसाबरोबर सामना रचताना पडण्याचं सगळं काम दुसऱ्याने करायचं, त्याला उभाच ठेवायचा आणि खाली आणायचा तो एकदाच, शेवटी. २००७ च्या मे-जूनमध्ये सीनाने तेच केलं. खलीचे त्याहून बरे सामने शोधून दाखवा. शार्पशूटर, तिथे तर मायकल्स नव्हता ना ओढायला?

शार्पशूटर९७
खलीबरोबर बरा सामना म्हणजे पास होण्यापुरते गुण. ब्रेटने १९९२ ला वेम्बलीत डेव्ही बॉय स्मिथला सांभाळून नेलं, त्याला म्हणतात काम.

मातीतला_गडी
धाग्याचा काश्मीर झाला.

चिडका_बिब्बा
ब्रेट किती भारी हे मला शनिवारी ऐकायचंच आहे, आज नको! दोन सामने झाले. सीएम पंकवाला दाखवू का? सगळे त्याचंच नाव घेतात, पण तो तर पंकचा सामना वाटतो.

रिंगसाईड_प्राजू
दाखवाच, आणि शेवटचा दाखवा. १७ जुलै २०११, मनी इन द बँक, शिकागो. पंकचं गाव, सगळं स्टेडियम सीनाविरुद्ध. सामन्यांना तारे देणाऱ्या पत्रकार डेव्ह मेल्ट्झरने पाच तारे दिले. त्याआधी ह्या कंपनीच्या सामन्याला ते मिळाले होते १९९७ च्या ऑक्टोबरात, मायकल्स-अंडरटेकरला. पण तारे सांगू नका, ब्रेटवाले ताऱ्यांना भीक घालत नाहीत. शेवट दाखवा. सीनाने एसटीएफ लावलेला असतो. कंपनीचा तेव्हाचा मालक मॅकमहन खाली येऊन घंटा वाजवायला सांगतो, पंकने हार मानलेली नसताना. म्हणजे ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल, ब्रेटबरोबर झालं तेच. सीना स्वतःची पकड सोडतो, बाहेर जाऊन मॅकमहनच्या माणसाला, लॉरिनायटिसला, ठोसा लगावतो, परत आत येतो तो थेट पंकच्या गुडघ्यावर, आणि बेल्ट जातो. त्याचं पात्र फसवून जिंकायला नकार देतं म्हणून हरतं. ब्रेटच्या भक्तासमोर ह्याहून चांगली पाच मिनिटं नाहीत.

आवाज मोठा ठेवा. एरवीच्या सामन्यात अर्धे लोक "लेट्स गो सीना", अर्धे "सीना सक्स", आणि तो मारण्याचा वेग त्या तालावर ठेवतो. शिकागोत बाजूने जवळजवळ कोणीच नाही, तरी डगमगून घाई करत नाही.

शार्पशूटर९७
हं. ह्यावर शनिवारी मी असतो तर थोडा अडलो असतो. तरी सांगतो, त्या सामन्यातले सीनाचे फटके स्वच्छ नाहीत.

टर्नबकल
स्वच्छ नाहीतच. चौथा म्हणून २०१५ चं यूएस ओपन चॅलेंज (यूएस बेल्टसाठी कोणीही या) ठेवा. दर सोमवारी नवा माणूस: अँब्रोज, मॉन्ट्रियलमध्ये सामी झेन, नेव्हिल, सिझारो. त्यात सिझारोचा घ्या. त्याच काळात ३१ मे रोजी केव्हिन ओवन्सशी पहिली गाठ, आणि ओवन्स सरळ जिंकतो. ब्रायन २०१३, स्टाइल्स २०१६ ही त्याच रांगेत. लेस्नरकडून २०१४ ला सोळा जर्मन सुप्लेक्स (मागून कमरेला धरून मागे आपटणं) खाल्ले ते वेगळेच. "सीना कोणाला मोठं होऊ देत नाही" म्हणाले की ही नावं टाका.

खोट एकच: ह्या सामन्यांत दोघेही एकमेकांच्या शेवटच्या मूव्हमधून इतक्यांदा उठतात की एएची किंमत उरत नाही. आणि दोरीवरून मारायचा तो नवा स्टनर, तो दाखवूच नका. समोरच्याची मान खांद्यावर नीट येण्याआधीच हा खाली बसतो.

खलीपंथी
आणि १३ डिसेंबर २०२५? वॉशिंग्टनमध्ये शेवटच्या सामन्यात गुंथरपुढे हात आपटले. आयुष्यभर "नेव्हर गिव्ह अप" चे टीशर्ट विकले आणि शेवटी शरणागती. हे काढतील समोरचे.

टर्नबकल
काढू देत. जाताना नव्याला जिंकवून जायचं हा धंद्याचा जुना रिवाज आहे.

रिंगसाईड_प्राजू
रिवाज जिंकवण्याचा आहे, शरण जाण्याचा नाही. तीन मोजून हरला असता तरी रिवाज पाळला गेला असता. लोक कंपनीत सामने ठरवणाऱ्या ट्रिपल एचवर ओरडले ते उगीच नाही.

टर्नबकल
गुंथरच्या स्लीपरमध्ये (मागून गळा आवळायची पकड) बेशुद्ध पडला असता तर घोषवाक्य वाचलं असतं, पण गुंथरला अर्धंच श्रेय मिळालं असतं. हात आपटण्याआधी तो हसतो, ते बघा.

रिंगसाईड_प्राजू
हसणंच तर खटकतं!

रिमोट_कुणाकडे
जुने सामने शोधताना स्पर्धेचं नाव आणि साल इंग्रजीत टाका, नुसतं सीना टाकलं तर सिनेमे येतात.

चिडका_बिब्बा
हे मात्र कामाचं. उमागा, लंडन, सिझारो, शेवटी शिकागो. एसटीएफ आणि नेक्सस आधीच कबूल. गुंथरचं काढलं तर काय बोलायचं ते तुम्ही दोघं शुक्रवारपर्यंत ठरवून टाका.