दुकानाची स्वतःची पावडर की नामांकित? नाशिकहून

सप्रेम नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या फराळाला निघालेला विषय तेव्हा अर्धवट राहिला होता: सुपरमार्केट स्वतःच्या नावाने विकतं ती कपड्यांची पावडर घ्यावी, की नेहमीची नामांकित? मी सध्या तीन महिने नाशिकला आईकडे आहे, इंदिरानगरला. हाताशी वेळ आहे, दोन्ही पाकिटं आणली आणि नीट करून पाहिलं.

आईची जुनी पांढरी सुती चादर फाडून सारखे तुकडे केले. प्रत्येक तुकड्यावर चार डाग पाडले: हळद घातलेलं वरण, चहा, फोडणीचं तेल आणि पिंपळगावच्या मामांच्या द्राक्षबागेतली काळी माती. रात्रभर वाळू दिले. सकाळी एक खेप दुकानाच्या पावडरीत, एक नामांकित पावडरीत. मशीन वरून उघडणारं, पाणी न तापवलेलं, दोन्हीकडे एकेक चमचा.

चहा आणि माती दोन्हीकडे सारखीच गेली. हळद धुताना लाल झाली, पण गच्चीवर वाळत घातल्यावर संध्याकाळपर्यंत दोन्हीकडची नाहीशी. तेलाची मात्र दुकानाच्या पावडरीत स्पष्ट सावली राहिली. किलोचा भाव जवळजवळ निम्मा आहे. माझं मत असं की रोजच्या कपड्यांना दुकानाची पुरे, स्वयंपाकघरातल्या फडक्यांना नामांकित.

आईला यात काही नवल वाटत नाही. १९५९ मध्ये सर्फ आला तेव्हा तो सगळ्यांना परवडणारा नव्हता. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा काढल्यावर तिच्यासारख्या घरांत पावडर आली. तेव्हाही शेजारणी ‘स्वस्तातली कशाला’ म्हणायच्याच.

नाशिकहून, तुमची ताई

---

ताई,

इंग्लंडमधल्या रेडिंगहून लिहितोय. डिटर्जंटच्या धंद्यात बारा वर्षं काढली, म्हणून राहवत नाही.

हळद या परीक्षेतून काढून टाका. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कुर्क्युमिन, पावडरीतल्या अल्कलीत लाल होतं आणि उन्हात त्याचा रंग उडतो. तो डाग नाशिकच्या उन्हाने काढला, श्रेय दोन्ही पावडरींना देऊ नका. इथे नोव्हेंबरात घरातल्या स्टँडवर वाळवलं असतं तर तो पिवळा राहिला असता.

पांढरेपणावरही एकदम विश्वास ठेवू नका. बऱ्याच पावडरींत ऑप्टिकल ब्राइटनर असतो. तो अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतो, त्यामुळे कापड उन्हात जास्त शुभ्र दिसतं. डाग गेला की झाकला, ते घरातल्या दिव्याखाली बघा.

पाकिटाच्या मागे एन्झाइम, म्हणजे डाग मोडणारी द्रव्यं, लिहिलेत का? प्रोटीएज रक्त, दूध, घाम सोडवतं, अमायलेज भाताची पेज आणि कांजी, लायपेज तेल-तूप. दुकानाच्या पावडरीत लायपेज नसेल तर तेलाचं उत्तर तिथेच मिळालं.

आणि सर्वांत महत्त्वाचं: मशीनला पाणी कुठलं होतं?

---

दादा,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाने माझा निकालच फिरला.

एन्झाइम दोन्ही पाकिटांवर लिहिलेत, पण कुठले ते दोन्हीकडे नाही. पाण्याचं मात्र कळलं. आमच्या सोसायटीत स्वयंपाकघराच्या नळाला महापालिकेचं, गंगापूर धरणाचं पाणी येतं, आणि मशीनला टाकीतलं बोअरचं. ते इतकं क्षाराचं की बादलीला पांढरा थर धरतो. मी कधी दोन्हींत फरकच केला नव्हता.

परवा पुन्हा तुकडे कापले. या वेळी नळाचं पाणी बादल्यांनी भरून मशीनमध्ये ओतलं. हळद वगळली आणि तुकडे घरातच वाळवले. तेलाचा फरक जवळजवळ संपला. ट्यूबलाइटखाली आईने ओळखायचा प्रयत्न केला, दोनदा चुकली.

मग बोअरच्या पाण्यात दुकानाची पावडर वाढवत नेली. दीड चमच्याला तेल नामांकितच्या एका चमच्याइतकं निघालं. म्हणजे किलोला निम्मा भाव असला तरी खेपेला पाऊण पडतो. स्वस्त आहेच, पण मी पहिल्या मेलमध्ये सांगितलं तेवढी नाही. तो हिशेब चुकीचा होता, कृपया कुणी तो धरून खरेदी करू नका.

---

मी ग्लासगोहून. बाळ पाच महिन्यांचं आहे. इथे सगळे नॉन-बायो सांगतात, दुकानाच्या नावाचीही मिळते. चालेल का?

---

(रेडिंगहून) चालेल. नॉन-बायो म्हणजे एन्झाइम नसलेली. पण दुधाचे डाग हट्टी राहतील, ते आधी गार पाण्यात भिजवा. तुमचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे, त्यामुळे पावडर कमी घाला आणि एकदा जास्त खळबळा, कपड्यात साबण राहायला नको. आमचं रेडिंगचं पाणी जड, ताईच्या बोअरसारखं क्षारांचं, आम्हाला जास्त लागते. इथल्या पाकिटांवर मऊ, मध्यम आणि जड पाण्याचं माप वेगळं छापलेलं असतं. पाणी कंपनीच्या साइटवर पोस्टकोड टाकला की आपलं कुठलं ते कळतं.

आणि पांढऱ्या कपड्यांना पावडरच घ्या, लिक्विड नको. इथल्या साध्या पावडरीत, दुकानाच्या असोत की नामांकित, बहुधा परकार्बोनेट हे ब्लीच असतं, चहाचे डाग त्याने जातात. लिक्विडमध्ये ते टिकत नाही म्हणून घालत नाहीत.

ताई, उरलेले तुकडे टाकू नका. येताना दोन्ही पाण्यांतले घेऊन या, संक्रांतीच्या कार्यक्रमात टेबलावर मांडू. प्रत्येकाने आपला पोस्टकोड आणि पाण्याचा प्रकार लिहून आणावा.