'कॉन्फिगर' आणि 'बिल्ड', दोन्हीला 'जुळणी'च?

अर्धविराम: एका मुक्तस्रोत चित्रकला-सॉफ्टवेअरची 'सोर्सवरून कसं बनवावं' ही पुस्तिका मराठीत करतोय. आधी सीमेक हे साधन कॉन्फिगर करतं, म्हणजे तपासतं, यंत्रावर कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) कुठला, लायब्ररी (तयार कोडचे संच) कुठे, आणि त्यावरून निन्जा या दुसऱ्या साधनासाठी फाइल लिहून देतं. मग निन्जा कंपायलरला कामाला लावतो, ते बिल्ड. जुन्या अनुवादात दोन्ही पायऱ्यांना 'जुळणी' म्हटलंय. 'जुळणी अयशस्वी' वाचून माणूस कोडमधल्या चुका शोधत बसतो, आणि इकडे कंपायलर अजून सुरूही झालेला नसतो! 'संरचना' आधीच स्ट्रक्चरला गेलंय. मग काय म्हणावं?

खटपट्या: शब्द राहू दे, एरर काय येतेय?

शुद्धमती: कॉन्फिगरला 'पूर्वतयारी', बिल्डला 'बांधणी', कंपाइलला 'संकलन'. आणि 'मुक्तस्रोत' नीट लिहिल्याबद्दल आभार. जिकडेतिकडे 'स्त्रोत' वाचून डोळे दुखतात. धातू 'स्रु', वाहणे. त्या स-र च्या मध्ये 'त' कोण घुसवतं कोण जाणे.

टिंबटिंब: बांधणी पुस्तकाची असते हो. आमचे आजोबा छापखान्यात जुळारी होते. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवले, फर्मा आवळला, तरी कागदाला शाई लागलेली नसायची. जुळणी म्हणजे छपाईच्या आधीचं काम. त्या हिशेबाने कॉन्फिगरच खरी जुळणी, बिल्डला दुसरं काहीतरी शोधा.

खटपट्या: आजची पोरं खिळा म्हटलं की हातोडी शोधतील. आणि 'संकलक' म्हटलं की जीसीसी हा कंपायलर कात्री घेऊन सिनेमा कापायला बसलाय असं वाटतं. कंपाइल म्हणा, मोकळे व्हा.

शुद्धमती: तुमच्या 'कंपाइल'चं लॅटिन मूळ लुटालुटीचं आहे, ठाऊक आहे ना? शिवाय ग्रेस हॉपर यांच्या 1952 च्या ए-0 ला कंपायलर म्हटलं गेलं, ते फितीवरचे तयार तुकडे गोळा करून जोडत असे म्हणून. संकलनच की ते!

खटपट्या: ते तुकडे जोडायचं काम आता लिंकर हा वेगळा प्रोग्रॅम करतो. म्हणजे लिंकरला संकलक म्हणणार?

शुद्धमती: विषय भरकटवू नका.

अर्धविराम: एरर विचारलीत म्हणून: लिटल-सीएमएस ही रंग सांभाळणारी लायब्ररी सापडत नाही, असं सीमेक म्हणतं. लायब्ररी तर आहे, दुसरे प्रोग्रॅम तीच वापरतात.

खटपट्या: प्रोग्रॅम चालताना लागणारी फाइल आहे, हेडर (कंपायलरला लायब्ररीची ओळख करून देणाऱ्या फाइली) नाहीत. लिनक्सच्या डेबियनवाल्यांकडे नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेलं पॅकेज लागतं, फेडोरात 'डेव्हेल'. ते टाक. स्वतः बनवून वेगळ्या जागी ठेवली असेल तर सीमेक-प्रीफिक्स-पाथ या सेटिंगमध्ये ती जागा दे. आणि एक, सीमेक एकदा सापडलेला रस्ता कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदींच्या फाइलमध्ये, जपून ठेवतं. लायब्ररी हलवलीस तरी जुनाच पत्ता धरून बसतं. सीमेकच्या 3.24 आवृत्तीपासून ती नोंद पुसून नव्याने सुरू करायला 'फ्रेश' हा पर्याय आहे, नाहीतर बिल्डचा फोल्डर रिकामा करून पुन्हा चालव. सोर्सचा नव्हे, बिल्डचा!

अर्धविराम: डेव्ह पॅकेज नव्हतंच. टाकल्यावर पुढे सरकलं, आता क्यूटी या दुसऱ्या लायब्ररीवर अडलंय. पण बघा, 'पूर्वतयारी' म्हटलं तर ही पॅकेजं टाकणं हीच पूर्वतयारी नाही का? मग सीमेक करतं ते काय?

टिंबटिंब: चाचपणी! आहे-नाही बघणं म्हणजे चाचपणीच.

शुद्धमती: चाचपणी निवडणुकीच्या उमेदवाराची होते. आणि फाइल लिहून देणं त्यात कुठे आलं?

खटपट्या: पुस्तिकेत 'कॅश साफ करा' असं लिहू नकोस तेवढं. कुणी पाकीट रिकामं करेल.

टिंबटिंब: त्याला 'साठवण' छान आहे.

शुद्धमती: साठवण स्टोरेजला दिलंय केव्हाच. 'तात्पुरती नोंद' म्हणा.

खटपट्या: तात्पुरती? तीच तर जाता जात नाही!