अमिनो आम्लांचे काम प्रथिनांपुरते नाही

‘अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या विटा’ हे नेहमी मांडले जाणारे मत बरोबरच आहे, पण तेवढ्यावर थांबल्यास वैद्यकाच्या दृष्टीने फार मोलाचा भाग निसटतो. ग्लुटामेट हे अमिनो आम्ल मेंदूत संदेशवाहक म्हणून काम करते. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन, तर टायरोसिनपासून डोपामिन (ही दोन्ही मेंदूतील संदेशवाहक रसायने) आणि थायरॉइडची संप्रेरके बनतात.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते ते अ‍ॅस्पराजिनचे उदाहरण. निरोगी पेशी हे अमिनो आम्ल स्वतः तयार करतात. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगातील कर्कपेशींना मात्र बहुधा ते पुरेसे बनवता येत नाही, त्यामुळे त्या रक्तातील पुरवठ्यावर जगतात. १९५३ मध्ये संशोधक जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांमधील लिम्फोमाच्या (लसिका पेशींच्या कर्करोगाच्या) गाठी मागे हटताना आढळल्या आणि ही किमया अ‍ॅस्पराजिनेज या विकराची (एन्झाइमची) असल्याचे पुढे १९६०च्या दशकात स्पष्ट झाले. जीवाणूंपासून मिळवलेले हे विकर आज, विशेषतः लहान मुलांच्या ल्युकेमियात, इतर औषधांच्या जोडीने देतात. ते रक्तातील अ‍ॅस्पराजिनचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल व अमोनिया यांत विघटन करते आणि कर्कपेशींची उपासमार होते. अर्थात तीव्र अ‍ॅलर्जी, स्वादुपिंडाचा दाह आणि रक्तात गुठळ्या होणे हे त्याचे धोके असल्याने उपचारादरम्यान रुग्णावर बारकाईने लक्ष ठेवावे लागते.